संगणकाची पाटी-लेखणी : पेन टॅब्लेटचे कार्यतत्त्व आणि डहाणू-तलासरी परिसरातील महाविद्यालयीन उपयोग

सारांश

संगणकाला माहिती व आज्ञा देण्यासाठी कळफलक आणि माऊस ही साधने सर्वत्र वापरली जातात. हस्ताक्षर, गणिती मांडणी, आकृत्या आणि रेखाचित्रे या कामांसाठी मात्र ती अपुरी पडतात. ही उणीव पेन टॅब्लेट हे साधन बऱ्याच अंशी भरून काढते. प्रस्तुत लेखात या साधनाचा विकास, त्याचे कार्यतत्त्व, माऊसशी त्याची तुलना आणि पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या तालुक्यांच्या संदर्भात त्याची उपयुक्तता यांचे विवेचन केले आहे. साधनाची निवड जाहिरातीतील आकड्यांवरून न करता करावयाच्या कामावरून करावी, तसेच वारली चित्रकलेसारख्या सामूहिक वारशाच्या बाबतीत साधनाबरोबरच श्रेय आणि हक्क यांचाही विचार व्हावा, असे प्रतिपादन येथे केले आहे.

प्रमुख शब्द : पेन टॅब्लेट, आदान साधन, विद्युतचुंबकीय अनुनाद, देवनागरी हस्ताक्षर, वारली चित्रकला, डहाणू, तलासरी.

१. प्रस्तावना

मराठी मुलखात शिक्षणाचा आरंभ पिढ्यान्‌पिढ्या पाटीवर होत आला आहे. धूळपाटीवर बोटाने गिरवलेली अक्षरे, पुढे दगडी पाटी आणि पेन्सिल, त्यानंतर कागद आणि टाक असा हा क्रम होता. या सर्व साधनांत एक गोष्ट समान होती. हात जेथे फिरे तेथे खूण उमटे, आणि हाताची गती हीच अक्षराची घडण असे. संगणक आला तेव्हा हा क्रम खंडित झाला. कळफलकावर अक्षर घडवावे लागत नाही, ते निवडावे लागते. माऊसने रेघ काढता येते, परंतु ती हाताच्या वळणाची राहत नाही. टंकलेखनाच्या कामात ही बाब जाणवत नाही. गणिताच्या प्राध्यापकाला समाकलनाची पायरी लिहावयाची असेल, रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाला षट्कोनी वलय काढावयाचे असेल किंवा विद्यार्थ्याला चित्र रेखाटावयाचे असेल, तेव्हा ती प्रकर्षाने जाणवते.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. त्यातील डहाणू आणि तलासरी हे गुजरातच्या सीमेलगतचे तालुके असून तेथे वारली, कोकणा, धोडिया, दुबळा, काथोडी, मल्हार कोळी आदी समाजांची वस्ती मोठ्या प्रमाणावर आहे. वारली चित्रकलेचा हा मूळ प्रदेश होय. तसेच बोर्डी येथे १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्राचे कार्य सुरू केले, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई व अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचे जे प्रयोग केले, त्यांनी शैक्षणिक साधनांविषयी एक मौलिक दृष्टी दिली. साधन मुलाच्या परिसराशी आणि त्याच्या हाताला येणाऱ्या कौशल्याशी जुळणारे असावे, ही ती दृष्टी. येथील महाविद्यालयांनी पेन टॅब्लेटसारख्या आधुनिक साधनाचा विचारही याच कसोटीवर करणे उचित ठरेल.

आरंभी संज्ञेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. व्यवहारात ‘टॅब्लेट’ म्हटले की पडद्याला स्पर्श करून चालविण्याचा छोटा संगणक डोळ्यांसमोर येतो. पेन टॅब्लेट हे त्याहून निराळे साधन आहे. ते स्वतः संगणक नाही. ती संगणकाला जोडावयाची एक सपाट पाटी असून तिच्यासोबत एक विशिष्ट लेखणी असते. महाविद्यालयाच्या खरेदी प्रस्तावात केवळ ‘टॅब्लेट’ असा उल्लेख झाल्यास भलतेच उपकरण हाती येण्याची शक्यता असते. म्हणून ‘संगणकाला जोडावयाची पेन टॅब्लेट’ असा स्पष्ट निर्देश करणे इष्ट होय.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

हाताच्या लेखनाचे विजेच्या संकेतांत रूपांतर करण्याची कल्पना संगणकापेक्षा जुनी आहे. अमेरिकेतील एलिशा ग्रे यांनी १८८८ मध्ये ‘टेलऑटोग्राफ’ या यंत्राचे एकस्व मिळविले. या यंत्राने एका ठिकाणी लिहिलेली अक्षरे तारेच्या साहाय्याने दूर अंतरावर जशीच्या तशी उमटविता येत. संगणकाच्या क्षेत्रात प्रथम प्रकाशलेखणी आली. १९६३ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ या आज्ञावलीत प्रकाशलेखणीने थेट पडद्यावर आकृत्या काढून दाखविल्या. उभ्या पडद्यासमोर हात सतत उचलून धरावा लागत असल्यामुळे दीर्घ काम करताना हात भरून येई.

१९६४ मध्ये रँड कॉर्पोरेशन या संस्थेत तयार झालेल्या ‘रँड टॅब्लेट’ने ही अडचण दूर केली. सुमारे दहा इंच लांबी-रुंदीच्या या पाटीत १०२४ आडव्या आणि १०२४ उभ्या वाहक रेषांची जाळी होती. प्रत्येक रेषेतून विशिष्ट सांकेतिक स्पंद पाठविले जात, आणि तारेने जोडलेली लेखणी ते ग्रहण करून आपले स्थान ठरवीत असे. पाटी मेजावर आणि चित्र पडद्यावर ही विभागणी तेथून रूढ झाली. याच वर्षी डग्लस एंगेलबार्ट यांच्या गटात माऊसचा पहिला नमुनाही तयार झाला. म्हणजे ही दोन्ही साधने समवयस्क आहेत. माऊस स्वस्त आणि शिकण्यास सोपा असल्यामुळे घरोघरी गेला, तर पाटी-लेखणी अभियंते आणि चित्रकार यांच्यापुरती मर्यादित राहिली.

१९८३ मध्ये जपानमध्ये स्थापन झालेल्या वॅकॉम या कंपनीने तारेविना आणि बॅटरीविना चालणारी लेखणी प्रचारात आणली. पुढील काळात दाब मोजण्याच्या पातळ्या वाढत गेल्या, किमती उतरल्या आणि अन्य उत्पादकही या क्षेत्रात आले. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे वर्ग बंद झाले, तेव्हा फळा हरवलेल्या अध्यापकांपैकी अनेकांनी हे साधन जवळ केले. चित्रकारांचे म्हणून ओळखले जाणारे उपकरण त्या काळात अध्यापकांचेही झाले.

३. कार्यतत्त्व

बॅटरी नसलेली लेखणी आपले स्थान संगणकाला कशी कळवते, हा प्रश्न विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठीही उद्बोधक आहे. यामागील तत्त्व विद्युतचुंबकीय अनुनादाचे आहे.

पाटीच्या पृष्ठभागाखाली सूक्ष्म वाहक तारांची आडवी व उभी वेटोळी असतात. लेखणीत तारेचे एक छोटे वेटोळे आणि एक धारित्र असते. या दोहोंचे मिळून एक अनुनादी परिपथ होते. पाटीतील वेटोळी क्षणभर प्रत्यावर्ती चुंबकीय क्षेत्र निर्माण करतात. हे क्षेत्र लेखणीच्या वेटोळ्यात प्रवर्तनाने विद्युतधारा निर्माण करते आणि लेखणीचे परिपथ आपल्या नैसर्गिक वारंवारतेने आंदोलित होते. दुसऱ्या क्षणी पाटी क्षेत्र पाठविणे थांबवते व ‘ऐकू’ लागते. लेखणीतील ओसरत्या आंदोलनांचा क्षीण संकेत आता उलट दिशेने पाटीकडे येतो. झोका एकदा ढकलून सोडून दिल्यावर तो काही काळ आपल्या लयीत झुलत राहतो, तसाच हा प्रकार आहे. पाठविणे आणि ऐकणे यांचा हा क्रम एका सेकंदात हजारो वेळा चालतो.

स्थान ठरते ते असे : लेखणी ज्या वेटोळ्याच्या सर्वांत जवळ असते तेथे संकेत प्रबळ असतो आणि शेजारच्या वेटोळ्यांत तो क्रमाने मंद होत जातो. या मूल्यांची तुलना करून दोन वेटोळ्यांच्या मधले स्थानही काढता येते. म्हणून तारा काही मिलिमीटर अंतरावर असूनही स्थान मिलिमीटरच्या शतांश भागापर्यंत नोंदविता येते. लेखणी तिरपी असल्यास संकेताचे वितरण एका बाजूस झुकते आणि त्यावरून काही पाट्या लेखणीचा कलही मोजतात.

दाबाचे मापनही याच परिपथातून होते. टोक पाटीवर टेकविले की लेखणीच्या आतील धारित्राची धारिता किंवा वेटोळ्याची प्रवर्तकता किंचित बदलते. परिणामी आंदोलनाची वारंवारता बदलते आणि पाटी हा बदल दाब म्हणून वाचते. लेखणीवरील बटण दाबल्यावरही वारंवारतेत असाच ठरावीक फरक पडतो.

या तत्त्वाचे तीन व्यावहारिक परिणाम ध्यानात घेण्यासारखे आहेत. पहिला परिणाम म्हणजे पाटी केवळ लेखणीला ओळखते, तळहाताला नाही. त्यामुळे कागदावर लिहिताना टेकवितो तसा हात पाटीवर निःशंकपणे टेकविता येतो. पावसाळ्यात घामेजलेल्या हातानेही नोंदीत बिघाड होत नाही. दुसरा परिणाम म्हणजे लेखणी पाटीपासून सुमारे एक सेंटिमीटर उंचीवर असतानाही तिचे स्थान कळते. म्हणून पाटीवर कागद ठेवून त्यावरील छापील आकृती लेखणीने गिरविता येते. तिसरा परिणाम विजेसंबंधीचा आहे. पाटीला यूएसबी जोडणीतून मिळणारी वीज पुरते. यूएसबी २.० या मानकानुसार ही मर्यादा ५ व्होल्ट व ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॅट इतकी आहे. वीज गेली तरी लॅपटॉपची बॅटरी टिकेल तोवर पाटी चालते.

४. माऊस आणि लेखणी : तुलना

दोन्ही साधनांतील मूलभूत भेद स्थाननिर्देशाच्या पद्धतीत आहे. माऊस सापेक्ष हालचाल कळवतो. तो ‘येथून इतका उजवीकडे सरकलो’ एवढेच सांगतो. उचलून दुसरीकडे ठेवला तर संगणकाला त्याचा पत्ता लागत नाही. पेन टॅब्लेट निरपेक्ष स्थान कळवते. पाटीचा डावा वरचा कोपरा म्हणजे पडद्याचा डावा वरचा कोपरा, ही सांगड पक्की असते. लेखणी उचलून पुन्हा त्याच जागी टेकविली तर दर्शकही त्याच जागी येतो. अक्षराला मात्रा देणे, आकृतीत ठिपके भरणे, काढलेल्या रेषेच्या टोकापासून दुसरी रेषा सुरू करणे या क्रियांना हीच निश्चिती लागते.

यासंबंधी प्रायोगिक अभ्यासही झाले आहेत. पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये लक्ष्याचे अंतर, त्याची रुंदी आणि तेथे पोहोचण्यास लागणारा वेळ यांचा संबंध मांडला. या सूत्राच्या आधारे स्कॉट मॅकेंझी, ॲबिगेल सेलन आणि विल्यम बक्स्टन यांनी १९९१ मध्ये माऊस, लेखणी आणि ट्रॅकबॉल यांची तुलना प्रसिद्ध केली. लक्ष्य दर्शविण्याच्या क्रियेत लेखणी माऊसपेक्षा सरस आढळली, परंतु एखादी वस्तू पकडून ओढत नेण्याच्या क्रियेत ही सरशी टिकली नाही. कार्यालयीन आज्ञावलीतील तक्ते भरणे, फाइली हलविणे अशा कामांत माऊस बदलण्याचे कारण नाही, हे यावरून ध्यानात येते. लेखणी माऊसची जागा घेत नाही. जे काम माऊस नीट करू शकत नाही ते ती करते.

लेखणीची एक अडचणही नमूद केली पाहिजे. हात पाटीवर आणि दृष्टी पडद्यावर ही विभागणी सुरुवातीस अवघड वाटते. पहिल्या दिवशी रेषा भरकटतात आणि अनेकजण तेथेच कंटाळतात. रोज थोडा सराव केल्यास काही दिवसांत हात व दृष्टी यांचा मेळ बसतो. ज्या पाटीलाच पडदा असतो तिच्यात ही अडचण नसते, मात्र तिची किंमत साध्या पाटीच्या अनेक पट असते.

५. वारली रेषा आणि पेन टॅब्लेट

डहाणू-तलासरीच्या संदर्भात या साधनाचा विचार वारली चित्रकलेला वगळून होऊ शकत नाही. कुडाच्या भिंतीवर शेणमातीचा किंवा गेरूचा लेप, त्यावर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि बांबूच्या काडीचे टोक चेचून केलेली लेखणी, ही या कलेची मूळ सामग्री होय. लग्नप्रसंगी सवासिनी घरात चौक लिहितात. त्यात पालघट देवीची स्थापना असते आणि धवलेरी आपल्या गीतांनी विधी चालवते. मानवाकृती दोन त्रिकोण टोकाशी जोडून साकारते आणि वर्तुळ, त्रिकोण, चौकोन, रेषा व ठिपका एवढ्या मोजक्या घटकांतून सारे जीवन उभे राहते.

या कलेने माध्यमाचे एक मोठे स्थित्यंतर यापूर्वीच अनुभवले आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून हे चित्रण भिंतीवरून कागदावर आले. तलासरी तालुक्यातील धामणगाव येथे जन्मलेले आणि डहाणू तालुक्यातील गंजाडजवळच्या कळंबीपाड्यात स्थायिक झालेले जिव्या सोमा मशे यांनी कागद व कापडावर या शैलीचा विस्तार केला. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. यशोधरा दालमिया यांचा वारली चित्रविश्वावरील इंग्रजी ग्रंथ १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि अभ्यासकांचे लक्ष या कलेकडे अधिक वेधले गेले. माध्यम बदलले तरी रेषेचे व्याकरण टिकले, हा या स्थित्यंतराचा एक धडा आहे. दुसरा धडा असा की, जी कला मुख्यतः स्त्रियांच्या हातात होती, तिच्यात कागदावरील चित्रकार म्हणून प्रसिद्धी पुरुषांच्या वाट्याला अधिक आली.

आता भिंत व कागद यांच्यानंतरचे माध्यम म्हणून संगणकाचा पडदा समोर येत आहे. येथे पेन टॅब्लेट कोठे जुळते आणि कोठे जुळत नाही, हे तपासणे आवश्यक आहे.

वारली रेषा बहुतांशी एकसारख्या जाडीची असते. सुलेखनात असते तशी दाबागणिक फुगणारी आणि बारीक होणारी ती रेषा नव्हे. दाबाच्या १०२४, २०४८ किंवा ८१९२ पातळ्या हा विक्रेत्यांच्या जाहिरातीतील प्रमुख मुद्दा असतो, परंतु या शैलीसाठी तो जवळजवळ गैरलागू आहे. साधी पाटीही येथे पुरेशी ठरते. जी गोष्ट खरोखर महत्त्वाची आहे तिचा जाहिरातीत क्वचितच उल्लेख असतो. ती म्हणजे पाटी आणि पडदा यांच्या प्रमाणांचा मेळ.

एक उदाहरण पाहू. पाटीचे सक्रिय क्षेत्र ६ इंच × ४ इंच आणि पडदा १३६६ × ७६८ बिंदूंचा आहे असे मानले, आणि संपूर्ण पाटी संपूर्ण पडद्याशी जोडली, तर आडव्या दिशेत एका इंचाला सुमारे २२८ बिंदू आणि उभ्या दिशेत १९२ बिंदू येतात. हाताने काढलेले अचूक वर्तुळ पडद्यावर उंचीपेक्षा सुमारे १९ टक्क्यांनी अधिक रुंद दिसते. समभुज त्रिकोण बसका होतो. विद्यार्थ्याला वाटते की आपला हातच चुकतो आहे. वास्तविक दोष मांडणीचा असतो. ड्रायव्हर आज्ञावलीत ‘प्रमाण कायम ठेवा’ अशा अर्थाचा पर्याय असतो. तो निवडल्यास पाटीच्या उंचीपैकी सुमारे ३.४ इंच वापरात येतात, सुमारे १६ टक्के क्षेत्र मोकळे राहते, परंतु वर्तुळ वर्तुळच उमटते. भूमिती, रसायनशास्त्र आणि आलेख यांनाही हाच नियम लागू आहे.

हालचालीच्या मापातही फरक आहे. भिंतीवर चौक लिहिताना हात खांद्यापासून फिरतो. ६ इंचांच्या पाटीवर केवळ मनगट आणि बोटे हलतात. तारपा नृत्याची मोठी सर्पिल रांग मनगटाने काढल्यास तिच्यात तुटकपणा येतो. अशा कामासाठी मोठी पाटी घ्यावी किंवा चित्र लहान भागांत रचावे. काडी रंगात बुडविण्यासाठी पडणारा खंड, पिठाचा ओलावा सुकत जाताना उजळणारी रेषा, भिंतीचा खडबडीतपणा यांपैकी काहीही पाटीत नोंदले जात नाही. लग्नचौक हा विधी आहे. पडद्यावर काढलेली त्याची आकृती ही त्या विधीची प्रतिमा ठरते, चौक ठरत नाही. हा भेद अध्यापनात स्पष्ट ठेवला पाहिजे.

याउलट एक गोष्ट भिंत देऊ शकत नाही, ती पाटी देते. पूर्ण झालेल्या चित्रात रेषांचा क्रम लोपलेला असतो. पाटी संगणकाला प्रत्येक क्षणाचे स्थान व दाब कालक्रमाने पुरवते, आणि क्रिटासारख्या मुक्त आज्ञावलीत चित्र घडण्याची प्रक्रिया टप्प्याटप्प्याने नोंदविण्याची सोय आहे. जाणत्या स्त्रीने चौकटीची कोणती रेघ आधी ओढली आणि नक्षी कोणत्या बाजूने भरत नेली, हे तिच्या संमतीने नोंदविता आल्यास ते कलेच्या अभ्यासाचे मोलाचे साधन होईल.

६. अध्यापन आणि देवनागरी लेखन

विज्ञान व वाणिज्य शाखांत या साधनाचा पहिला उपयोग फळ्याप्रमाणे आहे. प्रक्षेपकाला जोडलेल्या संगणकावर सूत्राची सिद्धता पायरीपायरीने लिहिता येते आणि तास संपल्यावर तेच लेखन विद्यार्थ्यांना देता येते. झर्नल++ यासारख्या मुक्त आज्ञावलीत पीडीएफवर थेट लिहिता येते, त्यामुळे प्रकल्पांवर हस्ताक्षरात शेरे देण्याचे कामही सुकर होते. तयार सरकचित्रांत निष्कर्ष एकदम समोर येतो. हाताने लिहिलेल्या सिद्धतेत विचाराची गती विद्यार्थ्यांच्या गतीशी जुळते.

देवनागरीच्या बाबतीत एक गैरसमज दूर करणे जरूर आहे. पाटीवर लिहिलेले अक्षर संगणकाच्या दृष्टीने चित्र असते, मजकूर नव्हे. त्यात शब्द शोधता येत नाही वा शुद्धलेखन तपासता येत नाही. हस्ताक्षराचे युनिकोड मजकुरात रूपांतर करण्यासाठी ओळख करणारी स्वतंत्र आज्ञावली लागते. गुगलने २०१५ मध्ये ८२ भाषांसाठी हस्तलेखनाची अशी सोय प्रसिद्ध केली. देवनागरीत हे काम रोमन लिपीपेक्षा अवघड आहे. जोडाक्षरे, वरच्या मात्रा, खालचे उकार आणि बहुधा शब्दाच्या शेवटी ओढली जाणारी शिरोरेषा यांमुळे लेखणीच्या फटकाऱ्यांचा क्रम अक्षरांच्या क्रमाशी जुळत नाही. मराठीतील ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ यांसारखी रूपे विशेष दक्षता मागतात. म्हणून दीर्घ मजकुरासाठी इन्स्क्रिप्ट कळफलकाचे शिक्षण टाळता येणार नाही. पाटी त्याला पूरक आहे.

भाषा व इतिहास विभागांनाही येथे वाव आहे. वारली बोलीला स्वतःची परंपरागत लिपी नाही, ती देवनागरीत लिहिली जाते. बोलीतील शब्द संकलित करताना विद्यार्थी वस्तूचे नाव टंकित करून त्याशेजारी वस्तूचे रेखाटन करू शकतो. शेतीची अवजारे, मासेमारीची साधने, घराच्या कुडाची रचना या गोष्टी शब्दांनी सांगण्यापेक्षा रेषेने अधिक नेमक्या कळतात. मोडी लिपीचा समावेश २०१४ मध्ये युनिकोडच्या ७.० या आवृत्तीत झाला असला, तरी तिचे वळण हात न उचलता लिहिण्याने अंगवळणी पडते आणि त्या सरावाला पाटी अनुकूल आहे.

७. निवड आणि मांडणी

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेसाठी पुढील बाबी उपयुक्त ठरतील.

(अ) आकार : लेखन व सूत्रांसाठी ६ × ४ इंचांची पाटी पुरते. चित्रकामासाठी १० × ६ इंचांच्या आसपासची पाटी सोयीची असते.

(आ) सूक्ष्मता : एका इंचाला २५४० रेषा म्हणजे एका मिलिमीटरला १०० रेषा. वरील उदाहरणातील पडद्याच्या मानाने ही सूक्ष्मता ११ पट आहे. याहून मोठ्या आकड्यासाठी अधिक पैसे मोजल्याने दृश्य फरक पडत नाही.

(इ) लेखणी : बॅटरीविना चालणारी लेखणी सार्वजनिक प्रयोगशाळेसाठी श्रेयस्कर. टोके झिजतात, म्हणून बदली टोके खरेदीच्या वेळीच मागवावीत. एका उत्पादकाची लेखणी दुसऱ्याच्या पाटीवर बहुधा चालत नाही, म्हणून लेखणी हरविणे म्हणजे पाटी निकामी होणे होय.

(ई) आज्ञावली : क्रिटा, इंकस्केप व गिंप या मुक्त आज्ञावली लेखणीचा दाब ओळखतात. त्यांसाठी परवाना शुल्क नाही. खरेदीपूर्वी पाटीचा ड्रायव्हर प्रयोगशाळेतील संगणकप्रणालीवर चालतो याची खात्री करावी.

(उ) सराव : ठिपके जोडणे, समांतर रेषा, वर्तुळ, त्रिकोण आणि चौकटीची नक्षी या क्रमाने सराव द्यावा. येथील अनेक विद्यार्थ्यांना हे आकार घराच्या भिंतीवरून परिचित असतात. परकीय नमुने गिरविण्यापेक्षा परिचित आकारांतून नवे साधन लवकर आत्मसात होते.

(ऊ) वाटप : पाट्या थोड्या असतील तर त्यांच्या वापराचे वेळापत्रक लावावे आणि त्यात विद्यार्थिनींना समान वेळ राखून ठेवावा. माध्यमाच्या पहिल्या स्थित्यंतरात जे घडले त्याची पुनरावृत्ती दुसऱ्यात होऊ नये, यासाठी ही साधी व्यवस्थाही परिणामकारक ठरू शकते.

८. श्रेय आणि हक्क

भिंतीवरचे चित्र भिंतीसोबत राहते. संगणकीय फाइल क्षणात कोठेही जाते आणि तिच्या असंख्य प्रती निघतात. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली. याच परिसरातील डहाणू-घोलवड चिकूला ती २०१६ मध्ये मिळाली. १९९९ च्या भौगोलिक निर्देशन अधिनियमाने मिळणारे संरक्षण नाव आणि उगमस्थान यांना असते. त्रिकोणी मानवाकृती काढण्यास ते कोणाला मज्जाव करत नाही. दुसरीकडे, १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमान्वये एखाद्या विद्यार्थ्याने रचलेले स्वतंत्र चित्र ही त्याची कलाकृती असते, मग ते कागदावर काढलेले असो वा पाटीवर. समाजाची शैली आणि व्यक्तीची कृती या दोहोंतील हा फरक विद्यार्थ्यांना समजावून देणे हे अध्यापकांचे काम आहे.

त्यासाठी काही प्रथा पाडता येतील. प्रत्येक फाइलमध्ये चित्रकाराचे नाव, गाव आणि दिनांक नोंदवावा. मूळ फाइल विद्यार्थ्याकडे राहावी आणि प्रदर्शनासाठी कमी आकाराची प्रत वापरावी. संगणकावर केलेले चित्र हाताने रंगविलेले म्हणून विकले जाऊ नये, तसा उल्लेख चित्रावरच असावा. महाविद्यालयाने आपल्या नियतकालिकासाठी वा बोधचिन्हासाठी विद्यार्थ्यांचे चित्र वापरल्यास लेखी संमती घ्यावी आणि नामनिर्देश करावा. जाणत्या कलावंतांकडून रेषाक्रम नोंदवून घेतल्यास ती नोंद त्यांच्या मानधनासह आणि त्यांच्या अटींवर व्हावी.

९. निष्कर्ष

१. पेन टॅब्लेट हे माऊसचे महाग रूप नसून निरपेक्ष स्थान आणि दाब मोजणारे स्वतंत्र आदान साधन आहे. लेखन, सूत्रे, आकृत्या आणि रेखाटन या कामांत ते उपयुक्त, तर टंकलेखन व कार्यालयीन कामांत अनावश्यक आहे.

२. दाबाच्या पातळ्या आणि सूक्ष्मतेचे मोठे आकडे निवडीस आधारभूत मानू नयेत. सक्रिय क्षेत्राचा आकार, पडद्याशी प्रमाणाचा मेळ, बॅटरीविना लेखणी आणि ड्रायव्हरची उपलब्धता यांना अग्रक्रम द्यावा.

३. हस्ताक्षर म्हणजे मजकूर नव्हे. म्हणून देवनागरी युनिकोड टंकनाचे शिक्षण आणि पाटीचा वापर यांची सांगड घालावी.

४. वारली चित्रकलेसाठी पाटी हे नोंदीचे, सरावाचे आणि नव्या रचनेचे साधन होऊ शकते. भिंत, माती, पीठ आणि विधी यांचा ती पर्याय नाही.

५. डहाणू-तलासरीतील अनेक विद्यार्थी संगणकाच्या प्रयोगशाळेत नवखे म्हणून येतात. कळफलकासमोर अडखळणारा हात घरच्या भिंतीसमोर निपुण असू शकतो. त्या निपुणतेची दखल घेणारे साधन प्रयोगशाळेत असणे, आणि त्यातून निर्माण होणाऱ्या कृतीवर त्या हाताचे नाव राहणे, या दोन्ही गोष्टी महाविद्यालयांच्या आवाक्यातील आहेत.